पाठ बघायला मी आहे

टेपबाईंच्या शिवणाच्या दुकानात आरसा एकच होता. दारासमोरच्या भिंतीवर, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत दिसेल एवढा. बाजारातल्या नव्या दुकानांत तीन भागांचे दुमडते आरसे आले, मध्ये उभं राहिलं की बाई स्वतःला चारी बाजूंनी बघून घेई. टेपबाईंनी तसला आरसा शेवटपर्यंत आणला नाही. कुणी मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघायला लागलं की त्या तिला खांद्यांना धरून सरळ करायच्या आणि म्हणायच्या, "समोरचं तू बघ. पाठ बघायला मी आहे." तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं कुणाला कळत नसे. पण एवढं वाक्य गावातल्या बायकांना तोंडपाठ होतं.

मी त्यांच्याकडे अडतीस वर्षं काजं केली. बटणासाठी कापडाला चीर पाडायची आणि तिच्या कडेनं दाट टाके घालत जायचं, की झालं काज. सांगायला सोपं आहे, करून बघा एकदा. शिवाय हूक लावणं, तुरपाई, अस्तर जोडणं आणि ब्लाउज तयार नसताना "उद्या नक्की" असं हसतमुखानं सांगणं, हेही माझ्याकडेच. खिडकीपाशी माझं स्टूल होतं. मान खाली, कापड डोळ्यांशी, कान मोकळे. "आणि तोंडही मोकळंच," असं बाई म्हणायच्या. मला ते कौतुक वाटायचं.

आता ही गोष्ट मी सांगते आहे ती कुणी मला बरं म्हणावं म्हणून नाही. बाईंच्या भाचीवर माझा राग आहे आणि तो मरेपर्यंत राहील. पण तिच्यावर रागावून माझं सुटत नाही, हे मला पुरतं कळलेलं आहे.

दुकानाच्या मागे एक अरुंद खोली होती. तिच्या तिन्ही भिंतींवर खिळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिळ्याला एकेक बाई टांगलेली. म्हणजे तिचे कागद. खाकी कागदातून कापलेली पाठ, पुढचा भाग, बाही, कॉलर, सगळं एका दोऱ्यात ओवलेलं. एकदा माप घेतलं की बाई आधी कागद बेतायच्या, मग कापड. त्या कागदावर त्यांनी कधी कुणाचं नाव घातलं नाही. कामधंदा लिहायच्या. 'पोस्ट', 'दवाखाना', 'बेकरी', 'तिसरीचा वर्ग'. घरीच असणाऱ्या बायकांना 'खिडकी', 'चार मुलं', 'हसरी' असं काहीतरी. नाव घातलं आणि कागद कुणाच्या हाती लागला तर? बाईमाणसाचं अंग तिच्या परवानगीशिवाय कुणी वाचायचं नाही, हा त्यांचा दुकान उघडल्यापासूनचा कायदा.

आणि खडू दोन. पांढऱ्या खडूनं माप, निळ्या खडूनं जे झाकायचं ते. कुणाचा एक खांदा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली, कुणाच्या पोटावर टाक्यांचा व्रण, दवाखानाबाईंची एक बाजू शस्त्रक्रियेनंतर सपाट झालेली. त्या त्या जागी निळी रेघ, निळा गोल, निळा अर्धचंद्र. एक शब्द नाही. मला बाईंनी त्या खुणा कधी शिकवल्या नाहीत. पण अस्तर मी जोडायची. कुठे जाड लावायचं, कुठे दुहेरी, हे बघता बघता मी खुणा वाचायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एवढंच बजावलं होतं, "इथलं इथेच."

पोस्टबाईंचं प्रकरण माझ्या दुसऱ्या वर्षातलं. त्या वेळी त्या सव्वीस-सत्तावीसच्या असतील. पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसायच्या. दिवसभर हात खिडकीतून बाहेर जायचा, आत यायचा. एका दुपारी त्या आल्या आणि म्हणाल्या, "लांब बाहीचं शिवायचंय." बाईंनी बाही वर सारली. कोपराच्या जरा खाली भाजल्याची खूण होती, नवी, लालभडक. पोस्टबाई घाईघाईनं म्हणाल्या, "स्टोव्हवर पडले."

बाईंनी त्या खुणेकडे बघितलं, मग टेबलावरच्या आपल्या इस्त्रीकडे बघितलं. टोकाला निमुळती, मागे रुंद होत गेलेली. कपड्यांच्या धंद्यातल्या माणसाला तो आकार ओळखायला शिकवावं लागत नाही. मीही स्टुलावरून ओळखला. स्टोव्हवर पडून असा त्रिकोण उठत नाही. कुणीतरी हात धरून, दाबून टेकवावा लागतो.

बाईंनी माप दोनदा घेतलं. मग म्हणाल्या, "हात पुढे कर, खिडकीतून पाकीट घेतेस तसा." पोस्टबाईंनी केला. कुठलीही बाही असा हात पुढे केला की वर सरकते, आणि त्यांचं सगळं काम तर हात पुढे करायचं. बाईंनी बगलेत एक लहानसा चौकोनी तुकडा घातला, कोपराखाली तीन बोटं बाही उतरवली, तिच्या टोकाला झालर लावली. हात कितीही लांबवला तरी झालर जागची हलेना.

पण उन्हाळ्याचे दिवस. सगळ्या बायका बिनबाह्यांच्या नाहीतर बोटभर बाह्यांच्या कपड्यांत, आणि या एकट्या झालरवाल्या. दोन दिवसांत पोस्टबाई परत आल्या. "बाई, लोक विचारतात. साहेबांनीही विचारलं." रडू आवरून त्या बोलत होत्या. "घरी कळलं की बाहेर चर्चा झाली, तर…"

बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "चार दिवस थांब."

त्या चार दिवसांत त्यांनी तीच बाही मला शिवली, स्वतःला शिवली. मग तिसरीच्या वर्गाच्या बाईंना, मग बेकरीवालीला, मग दवाखानाबाईंना. प्रत्येकीला सांगायच्या, "ही नवी आलीय. तुला फार खुलेल." पोस्टबाईंच्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी रांगेनं लिहून ठेवलं होतं, 'काज, वर्ग, बेकरी, दवाखाना, हसरी…' कुणाकुणाच्या अंगावर ती चढली त्याची यादी. महिन्याभरात गाव झालरीच्या बाहीनं भरून गेलं. मुली हट्ट करायला लागल्या, दुसरे शिंपी नक्कल करायला लागले आणि बगलेतला तुकडा न जमल्यामुळे तोंडघशी पडायला लागले. ती बाही आमच्याकडे अकरा वर्षं टिकली. पोस्टबाई अकरा वर्षं गावातल्या इतर चारचौघींसारख्या दिसल्या. त्यानंतर सगळ्यांनी सोडली तरी त्यांच्या अंगावर ती राहिली, आणि लोक म्हणाले, जुन्या वळणाची बाई आहे.

"फॅशन म्हणजे आधी कुणाची तरी अडचण, मग बाकीच्यांची हौस," असं बाई म्हणायच्या. त्यांच्याकडे त्याचा मोठा पाढा होता. त्यांच्या आजीचा झगा जमीन झाडत जायचा, मग बायका सायकलवर बसायला लागल्या आणि झगा वीतभर वर आला. आईच्या वेळी कंबर नाड्यांनी आवळून घ्यायची पद्धत होती, इतकी की पोटभर जेवता येईना, मग कामाला जाणाऱ्या मुलींनी नाड्या फेकून दिल्या. कापडाची टंचाई आली तेव्हा चुण्या गेल्या, झगे सरळ आणि अरुंद झाले, आणि लोक त्याला टापटीप म्हणाले. पुढे बायका साहेबांच्या खुर्च्यांवर बसल्या, तर त्यांना खांद्यांत कापूस घातलेला कोट हवा. "पुरुषांच्या कपड्यात बदल होतो तो कॉलरच्या टोकात," बाई म्हणायच्या, "कारण त्यांना अडचण कसली?" हे सांगताना मात्र त्या तोंडातल्या टाचण्या काढून ठेवायच्या.

मी हे ऐकून हसायची. कारण एक फॅशन मीच आणलेली होती, आणि मला कसली अडचण नव्हती. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी बाईंनी मला उभ्या कॉलरचा ब्लाउज शिवला. मानेमागे चांगली चार बोटं उभी. "तुझी मान लांब आहे, तुला शोभेल," म्हणाल्या. शोभलाच. आठ-पंधरा दिवसांत बघते तो निम्म्या गावाच्या माना उभ्या! भर उन्हाळ्यात घाम पुसत पुसत कॉलरी मिरवतायत. पोस्टबाईंनी तर सगळ्यांच्या आधी माझी नक्कल केली. मी घरी नवऱ्याला म्हणाले, "बघा, तुमच्या बायकोला बघून लोक कपडे शिवतात." माझं अंग मुळातच बेतशीर, असं मी लोकांना सांगायची. बाई माझे कपडे पहिल्या टाक्यापासून शेवटच्या हुकापर्यंत स्वतः करायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. माझ्यावर त्यांचा जीव, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

आता भाची. बाईंना मूलबाळ नव्हतं. धाकट्या बहिणीची मुलगी दर सुट्टीत त्यांच्याकडे यायची, कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांत लोळायची, बाहुलीला झगे शिवायची. हुशार होती, नाही म्हणत नाही. बाईंनीच तिला फॅशनच्या कॉलेजात घातलं. तिनं मोठ्या शहरात नाव काढलं, वर्तमानपत्रात फोटो आला, तो बाईंनी आरशाच्या चौकटीत खोचला. मागच्या वर्षी ती आली आणि म्हणाली, "मावशी, मी प्रदर्शन करतेय. शंभर वर्षांत बायकांचे कपडे कसे बदलले आणि आजच्या कपड्यांत त्यातलं काय उरलंय, असं. तुझ्या अडचणीच्या पाढ्यावरच बेतलंय सगळं. मला तुझे कागद हवेत."

बाई इतक्या खुश मी कधी बघितल्या नव्हत्या. पन्नास वर्षं टाचण्या तोंडात धरून त्या जे सांगत होत्या, ते कुणीतरी भिंतीवर लावणार होतं. तरी त्यांनी तिला मागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि एकच अट घातली.

"निळं दाखवायचं नाही. नेण्याआधी निळं सगळं पुसून घे. ओल्या फडक्यानं जातं."

"पुसते."

"माझ्यासमोर नाही पुसलंस तरी चालेल. पण पूस."

"तुझी शपथ, मावशी."

दोन दिवस ती मागच्या खोलीत कागद निवडत होती. दुसऱ्या दुपारी बाई दवाखान्यात डोळे दाखवायला गेल्या, आणि ती चहाचे दोन पेले घेऊन माझ्या स्टुलाशी येऊन बसली. हातात ओलं फडकं होतं, ते मी या डोळ्यांनी बघितलं.

"काकू, पुसायचं तर आहेच. पण पुसण्याआधी निदान समजून तरी घेते. तुमच्याइतकं हे कुणाला कळणार? तुम्ही म्हणजे या दुकानाचा इतिहास."

अडतीस वर्षांत मला कुणी कशाचा इतिहास म्हटलं नव्हतं. काजंवाली म्हणायचे. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं म्हणतात ना, ते हेच. तिनं फोन टेबलावर ठेवला, म्हणाली, "बोला, मला लिहून घ्यायचा कंटाळा आहे." आणि मी बोलले. पुसूनच टाकणार आहे म्हटल्यावर सांगायला काय हरकत, असं मी स्वतःला समजावलं. दवाखानाबाईंचं सांगितलं, हसरीचं सांगितलं. मग तिनं 'पोस्ट' उलगडला, बाहीवरच्या निळ्या त्रिकोणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आणि हे काय?"

मी क्षणभर थांबले होते. खरंच थांबले होते. मग मी तेही सांगितलं. इस्त्री, स्टोव्ह, साहेब, अकरा वर्षं. तिचे डोळे पाण्यानं भरले, आणि ते बघून मला आणखी सांगावंसं वाटलं. गोष्ट सांगताना समोरचं माणूस रडलं की कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

प्रदर्शन वाचनालयाच्या मोठ्या दालनात होतं. भाचीनं बाईंच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना निमंत्रणं पाठवली होती. बाईंनी नवा झगा शिवला, मी माझी उभी कॉलर घातली. आत शिरल्यावर पहिल्यांदा खरोखर ऊर भरून आला. जमीन झाडणारा झगा, नाड्यांची कंबर, टंचाईतला सरळ झगा, कापसाच्या खांद्यांचा कोट, असे पुतळे रांगेनं उभे, आणि प्रत्येकाशेजारी आजच्या मुलीचा वेश, त्यात त्या जुन्याचा कुठे नाडा, कुठे खांदा. बाई प्रत्येक पुतळ्याची तुरपाई उलटून बघत होत्या. मधोमध काचेची पेटी होती. तिच्याभोवती गर्दी होती. गर्दी म्हणून आम्हीही गेलो.

पेटीत 'पोस्ट'ची बाही होती. मागून दिवा लावला होता, त्यामुळे खाकी कागद उजळला होता आणि निळा त्रिकोण अगदी उठून दिसत होता. शेजारी पुतळ्याच्या अंगावर भाचीनं बेतलेला नवा ब्लाउज. तीच बाही, तीच झालर, आणि कोपराखाली, बरोब्बर त्या जागी, कापडाला त्रिकोणी खिडकी कापलेली. पाटीवर लिहिलं होतं की या गावातली एक लोकप्रिय बाही पोस्टातल्या एका स्त्रीच्या हातावर नवऱ्यानं टेकवलेल्या इस्त्रीचा डाग लपवण्यासाठी जन्माला आली, आणि आता लपवायचे दिवस संपले आहेत. खाली बाईंचे आभार. त्याखाली कानाला लावायचं यंत्र.

बाईंनी ते उचलून कानाला लावलं. मी त्यांच्या बाजूला उभी होते. त्यांचा चेहरा बघता बघता विझला, आणि त्यांनी हळूच माझ्याकडे बघितलं. आत माझा आवाज होता.

त्यांनी यंत्र खुंटीला अडकवलं. तेवढ्यात भाची आली, हसत, दोन्ही हात पसरून.

"तू पुसणार होतीस," बाई म्हणाल्या.

"मावशी, पुसलं असतं तर उरलं काय असतं? एक जुनी बाही. लोक रडतायत बघ. आणि मी नाव कुठे घातलंय?"

"गावात पोस्ट एकच आहे."

भाचीनं पाटीकडे एकदा बघितलं. ती म्हणाली, "तुला वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं," आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिकडे गेली. त्याच वेळी मला दारातून पोस्टबाई येताना दिसल्या. सोबत मुलगा, सून. मी धावत जाऊन त्यांना वाटेत अडवायला हवं होतं. मी पेटीपाशीच उभी राहिले. सून पुढे होऊन पाटी मोठ्यानं वाचायला लागली, उत्साहानं, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. मुलानं पाटी पुन्हा वाचली. मग आईकडे बघितलं. पोस्टबाईंनी उजव्या हातानं डावा कोपर झाकला होता. बाही लांबच होती, झाकायचं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्या दुकानात आल्या. हातात पिशवी होती. त्यांनी त्यातून जुने तीन ब्लाउज काढून टेबलावर ठेवले, घड्या घातलेले, इस्त्री केलेले.

"नवरा जाऊन नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मुलाला बाप म्हणजे देव. मी ते तसंच राहू दिलं होतं. म्हटलं, माझं झालं ते माझ्याबरोबर जाईल. आता तो म्हणतो, बाबांवर असले आरोप गावभर कशाला केलेस? मी केले म्हणतो, बाई. मी! चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही." त्या उभ्याच होत्या. "मला एवढंच विचारायचंय. कुणी सांगितलं? त्या मुलीला कागदावरून ते कळणं शक्य नाही. ते ऐकायचं यंत्र मी कानाला लावून बघितलं नाही. मला सहन झालं नसतं. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी खिडकीपाशी होते. हातात सुई, सुईत दोरा, अर्धं झालेलं काज. तीन पावलांवर पोस्टबाई. एक वाक्य बोलायचं होतं. "मी सांगितलं." बस, एवढंच. मी मान आणखी खाली घातली.

"मीच सांगितलं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"वय झालं. जीभ सैल झाली. चुकलं माझं."

पोस्टबाईंनी रिकामी पिशवी घडी घालून बगलेत धरली. "बाकी कुणीही असतं तर चाललं असतं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. ब्लाउज टेबलावरच राहिले. बाईंनी ते उचलून कपाटात ठेवले आणि टाचण्यांची डबी उघडली. मला वाटलं, आता बोलतील. शिव्या देतील, हाकलून देतील. मी त्याची वाट बघत होते, अगदी मनापासून. त्यांनी विचारलं, "निळ्या ब्लाउजची काजं झाली का?" मी म्हणाले, "दोन राहिली."

माझा विश्वासघात झाला असं मी घरी चार दिवस ओरडत होते. भाचीनं फसवलं, फोनवर आवाज भरून घेतला, सांगितलंसुद्धा नाही. सगळं खरं आहे. पण भाचीला फसवायला काहीतरी लागतं, ते मी तिच्या हातात दिलं होतं. आणि बाईंनी माझ्याऐवजी स्वतःला पुढे केलं, याचा तर मला संताप आला. मला न विचारता! त्यांनी मला वाचवायला नको होतं. हे लिहितानासुद्धा तो राग येतो आणि त्यात काही अर्थ नाही हेही कळतं.

त्यानंतर बाईंनी नवं माप घेतलं नाही. महिनाभर त्या एकेकीला बोलावून तिचे कागद तिच्या हवाली करत होत्या. गुंडाळी करून, दोरा बांधून. "तुझं तू ठेव," एवढंच म्हणायच्या. बायका कागद छातीशी धरून निघून जायच्या. 'पोस्ट'चा कागद भाचीकडून परत आला तो त्यांनी स्वतः जाऊन दिला. दार सुनेनं उघडलं, असं त्या म्हणाल्या. त्यापुढचं सांगितलं नाही. खिळे रिकामे होत गेले.

शेवटचा माझा. शनिवारी काम आवरल्यावर त्यांनी गुंडाळी माझ्या हातात दिली. तोंडातल्या टाचण्या त्यांनी काढून ठेवल्या होत्या.

"जपून ठेव. यावर काय आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही."

मला वाटलं, टोमणा आहे. वाटलं, मिळायलाच हवा होता. घरी गेले, जेवणाच्या टेबलावर कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर पेले ठेवले. वर 'काज' लिहिलेलं. पांढऱ्या मापाच्या रेघा. आणि पाठीवर, मानेच्या खाली, निळा अर्धचंद्र. एक नव्हे. एकाबाहेर एक, एकाबाहेर एक, प्रत्येकावर साल लिहिलेलं. दर दोन-तीन वर्षांनी एक सूत मोठा होत गेलेला. कॉलरच्या तुकड्यावरही तशाच रेघा. अर्धचंद्र सूतभर वाढला की कॉलर सूतभर वर.

माझा हात आपोआप मानेमागे गेला. अडतीस वर्षं मान खाली घालून काजं केली होती. तिथे, माझ्या पाठीवर, मुठीएवढं कुबड होतं.

मी आरशासमोर गेले. वळून वळून मान दुखली, काही दिसलं नाही. परत येऊन खाली बसले तेव्हा कॉलरच्या तुकड्याच्या कोपऱ्यातली यादी दिसली, बारीक अक्षरांतली, पोस्टबाईंच्या कागदावर होती तशीच. ज्यांना मी माझ्या नकला करणाऱ्या म्हणून नावं ठेवली होती, त्या बायका. बाईंनी एकेकीला सांगितलं असेल, ही नवी आलीय, तुला फार खुलेल. त्यांनी ऐकलं असेल आणि भर उन्हाळ्यात गळ्याशी घाम येईपर्यंत ती कॉलर घातली असेल. कशासाठी, ते त्यांतल्या कुणाला माहीत नसणार. एकीला सोडून. तिच्या वेळी असंच झालं होतं, तिला विचारावं लागलं नसणार, आणि तिनं पंधरा वर्षांत त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

यादीतलं पहिलं नाव होतं 'पोस्ट'.